शॉर्टकट ठरवताना आधी हात बघा, अक्षर नंतर

सकाळी गुळाचा सौदा झाला की मार्केट यार्डात काय धांदल उडते हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. किती रवे (गुळाच्या ढेपा), वजन किती, दर काय निघाला, हमाली, तोलाई सगळं दिवाणजी कॉम्प्युटरवर चढवतात आणि पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाची पावती, काढून देतात, आणि शेतकरी समोर उभाच असतो कारण त्याला गावाकडची एसटी गाठायची असते. अशाच एका अडत दुकानासाठी मी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिलं, तेव्हा मेनूतले शॉर्टकट, म्हणजे कुठल्या कीनं कुठलं काम व्हायचं ते, मी पाच मिनिटांत ठरवून टाकले होते. पट्टीला कंट्रोल पी, हमालीला कंट्रोल एच, सेव्हला कंट्रोल एस, डिलीटला कंट्रोल डी. नावाचं पहिलं अक्षर घेतलं की लक्षात राहतं, एवढाच विचार.

दिवाळीनंतर हंगाम भरात आला आणि महिन्याभरात दिवाणजी म्हणाले, "आवं दादा, ह्या करंगळीचं कायतरी करा की, रात्री झोपताना पण आखडल्यागत वाटतीया."

मग मी एक दिवस सौद्यानंतर दोन तास त्यांच्या मागं स्टूल टाकून बसलो आणि कुठली की किती वेळा दाबली जाते त्याच्या रेघा वहीत मारत गेलो. पहिली गोष्ट दिसली ती अशी की त्यांचा उजवा हात कायम नमपॅडवर (कीबोर्डच्या उजव्या टोकाच्या आकड्यांच्या कीजवर) असतो, पाचच्या कीवर जो छोटा उंचवटा असतो त्यावर मधलं बोट टेकवून ते स्क्रीनकडं न बघता आकडे मारतात. आणि मी दिलेल्या कंट्रोल पी साठी डावी करंगळी खाली कोपऱ्यात जायची, उजवा हात नमपॅड सोडून पी शोधायला यायचा, परत जायचा आणि पाचचा उंचवटा पुन्हा चाचपायचा. हे प्रत्येक पट्टीला.

हाताची रचना इथं समजून घ्यायला पाहिजे. एक प्रयोग आत्ताच करून बघा, तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट दुमडून तळव्याखाली घ्या आणि बाकीची बोटं एकेक करून उचला. अंगठा उचलतो, तर्जनी उचलते, करंगळी पण उचलते, अनामिका मात्र जागची हलत नाही. बोटं उचलणारे स्नायूबंध हाताच्या पाठीवर एकमेकांना जोडलेले असतात, तर्जनीला आणि करंगळीला स्वतःचा एक जादा स्नायू असतो, अनामिकेला तो नसतो. म्हणजे बोटं दिसायला सुटी, पण आतून बांधलेली. करंगळी सुटी आहे खरी, पण ताकदीला कमी, आणि सगळ्यात मोकळा नि दणकट तो अंगठा, ज्याला आपण फक्त स्पेसबार देऊन ठेवलाय.

करंगळीनं कोपऱ्यातला कंट्रोल धरून ठेवायचा आणि त्याच हाताच्या दुसऱ्या बोटानं अक्षर दाबायचं म्हटलं की मनगट करंगळीच्या बाजूला वाकतं आणि वाकलेल्या मनगटातून स्नायूबंधांना ओढ जास्त बसते. एकदा दोनदा काही होत नाही, दिवसभर केलं की मग दिवाणजींसारखं होतं. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर कंट्रोल ए च्या शेजारी होता, आज जिथं कॅप्स लॉक आहे तिथं, नंतर १०१ कीजचा कीबोर्ड आला आणि तो खाली कोपऱ्यात गेला. ॲपलच्या मॅकवर हेच काम स्पेसबारशेजारची कमांड की करते, ती अंगठ्यानं दाबता येते आणि मनगट सरळ राहतं.

कट, कॉपी, पेस्टच्या कीज बघा किती विचारानं ठेवल्यात. झेरॉक्स कंपनीच्या पार्क (PARC) नावाच्या प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर यांनी टिम मॉट यांच्यासोबत १९७० च्या दशकात कट-पेस्टची पद्धत बसवली, पुढं ते ॲपलमध्ये गेले आणि १९८३ च्या लिसा कॉम्प्युटरवर झेड, एक्स, सी, व्ही ह्या कीज आल्या, झेड म्हणजे केलेलं परत फिरवायची, बाकी तीन कट, कॉपी, पेस्टच्या. कॉपीचा सी सोडला तर पहिल्या अक्षराचा संबंध नाही. एक्स म्हणजे काट मारल्याची खूण, व्ही म्हणजे मधे शब्द घुसवताना आपण करतो तसली खूण उलटी. पण खरी गंमत जागेची आहे, चारही कीज खालच्या ओळीत डावीकडं एकाला एक लागून आहेत, उजव्या हातात माऊस तसाच राहतो. रोज शंभरदा लागणाऱ्या कामाला जागा महत्त्वाची, अक्षर नाही. महिन्यातून एकदा लागणाऱ्या कामाला खुशाल पहिलं अक्षर घ्या, तिथं आठवणंच अवघड असतं.

मला तर वाटलं होतं मराठी अक्षरं घ्यावीत, पट्टीला प, हमालीला ह, तोलाईला त. पण इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीच्या) कीबोर्डवर मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला आहेत, म, न, व, ण सोडले तर. प येतो एच वर, ह येतो यू वर, त येतो एल वर. म्हणजे पुन्हा उजवा हात नमपॅडवरून उठणार. टायपिंगसाठी ती रचना फार चांगली आहे, ह्या कामाला नाही.

माझी सगळ्यात मोठी चूक अजून वेगळीच होती. सेव्ह एस वर आणि डिलीट डी वर, दोन्ही कीज शेजारी. एका सकाळी घाईत बोट घसरलं, एका शेतकऱ्याची अख्खी नोंद उडाली, आणि तो माणूस समोर उभा असताना सगळी वजनं कच्च्या वहीतून पुन्हा चढवावी लागली. मला फार वाईट वाटलं. आयबीएमचे इंजिनिअर डेव्हिड ब्रॅडली यांनी पीसी बनवताना हाच धोका ओळखला होता, कॉम्प्युटर रीसेट करायला आधी कंट्रोल, आल्ट, एस्केप ठेवलं होतं पण ते चुकून दाबलं जायची भीती, म्हणून एस्केपच्या जागी लांबची डिलीट की घेतली, म्हणजे दोन्ही हात लागावेत. नुकसान करणारी कमांड मुद्दाम अवघड ठेवायची.

मग सगळं नव्यानं बसवलं. वजनाच्या चौकटीत फक्त आकडेच येतात, म्हणजे तिथं अक्षरांच्या कीज रिकाम्याच पडलेल्या असतात, मग कंट्रोल धरायचाच कशाला? हमालीला नुसता डी, तोलाईला नुसता एफ, आणि एफ वर पण उंचवटा असतो म्हणून डावं बोट न बघता बसतं. पुढच्या ओळीला नमपॅडचा मोठा प्लस. पट्टी छापायला एफ४. विक्रीचा एफ८ आणि पेमेंटचा एफ५ टॅली ह्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे तसाच ठेवला कारण दिवाणजींच्या बोटांना वर्षानुवर्षांची ती सवय आहे आणि ती मोडणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय. डिलीटला कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट, वर झेडनं परत आणायची सोय. कंट्रोल आल्ट चार ला मात्र हात लावला नाही, इंडियन इंग्लिश कीबोर्डवर तिथं ₹ उमटतो. आणि मेनूत प्रत्येक नावापुढं त्याची की लिहिली, शिकवायला वेगळं बसावं लागलं नाही.

करंगळीची तक्रार आता नाही. परवा दिवाणजींनी नवीन मागणी केली, मागच्या शेतकऱ्याची पट्टी पुन्हा काढायला एक की पाहिजे. मी जी म्हणालो, एफ च्या शेजारीच आहे म्हणून. त्यांनी कीबोर्डवर हात ठेवून दोनचार वेळा दाबून बघितलं आणि म्हणाले, "नको दादा, एफ मारताना ह्याला धक्का लागतोय, आर द्या." आर दिला.