किरणोपचारतज्ज्ञ घडतो कसा?

रेडिओलॉजिस्ट आणि रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट यांच्यात अनेकांची गल्लत होते. पहिला सीटी, एमआरआय वाचून निदान सांगतो. दुसरा, म्हणजे किरणोपचारतज्ज्ञ, किरणांनी कर्करोगावर उपचार करतो आणि पुढे अनेक वर्षे त्या रुग्णाला तपासत राहतो.

भारतात आधी इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, मग नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा आणि त्यानंतर या विषयातले 3 वर्षांचे एमडी किंवा त्याच तोडीचे डीएनबी. बारावीनंतर मागे पडलेले भौतिकशास्त्र इथे पुन्हा शिकावे लागते. त्याच्या जोडीला किरणजीवशास्त्र. किरण पेशीतला डीएनए तोडतात. निरोगी पेशी ती मोडतोड बरीचशी दुरुस्त करतात, कर्करोगाच्या पेशींना ते तितके जमत नाही. म्हणून मात्रा विभागून देतात. घशाच्या कर्करोगात साधारण 70 ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक), रोज 2 ग्रेप्रमाणे, आठवड्यातले 5 दिवस, 7 आठवडे. मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी झपाट्याने वाढतात. बुडालेला दिवस भरून काढायला कधी एकाच दिवशी दोनदा किरण देतात, पण दोन्हींमध्ये किमान 6 तास ठेवून.

खरा कस लागतो तो रेखाटनात. सुमारे 3 मिलिमीटर जाडीच्या प्रत्येक सीटी छेदावर डॉक्टर आधी दिसणारी गाठ आखतो, मग न दिसणारा संभाव्य प्रसार, आणि रुग्ण रोज जरासा इकडेतिकडे झोपणार हे धरून आणखी काही मिलिमीटर. मज्जारज्जू, लाळग्रंथी, जबडाही आखायचे. सीमा आखडती घेतली तर आजार कडेने उलटतो. सैल सोडली तर लाळग्रंथी जळून तोंडाला कायमची कोरड पडते. मज्जारज्जूला साधारण 45 ते 50 ग्रेच्या वर जाऊ देत नाहीत. हे हात धरून शिकवणारे ज्येष्ठ नसतील, तर यंत्र कितीही नवे असले तरी शिक्षण अपुरेच राहते.

मात्रेचे गणित वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ मांडतो. त्यासाठी भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीनंतर अणुशक्तीनगरच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची पदविका हा जुना, नावाजलेला मार्ग. आराखड्याला अंतिम मंजुरी मात्र डॉक्टरची.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून किरण दिल्यावर ब्रॅकीथेरपी करतात: भूल देऊन नळ्या आत बसवायच्या आणि त्यांतून बहुधा इरिडियम-192 या किरणोत्सारी धातूचा सूक्ष्म स्रोत न्यायचा. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे ताकद निम्मी होण्याचा काळ, 74 दिवस, त्यामुळे तीन-चार महिन्यांनी तो बदलावा लागतो. नळी तिरकी बसली तर मात्रा मूत्राशयावर किंवा गुदाशयावर जाते. सगळे उपचार 8 आठवड्यांत आटोपायचे असतात.

आणि दर आठवड्याची तपासणी टाळायची नाही. घशाच्या रुग्णाला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येते, जेवण तुटते, वजन उतरते. डोके हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवलेला प्लास्टिकचा साचा सैल झाला की पुन्हा सीटी काढून, नवा साचा करून, रेखाटन पहिल्यापासून करावे लागते.