ऑरोरा (गुप्त विमानाची अफवा)

अमेरिकेच्या हवाई दलाकडे १९८० च्या दशकाच्या शेवटी होतं असं म्हटलं जाणारं, आवाजाच्या पाच-सहा पट वेगाने उडणारं गुप्त टेहळणी विमान. अमेरिकन सरकारने ते कधीच मान्य केलं नाही, एकही स्पष्ट फोटो नाही, अवशेष नाहीत. तरी गेली तीसेक वर्षं गुप्त विमानांचा विषय निघाला की ऑरोराचं नाव हमखास येतंच. स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न सापडण्याचं तंत्र, आणि एरिया ५१, म्हणजे नेवाडातला गुप्त तळ, हे वाचकाला साधारण माहीत असतं, त्यामुळे इथे भर आहे तो नाव कुठून आलं आणि पुरावे किती टिकतात यावर.

नावाचा उगम

सगळ्या प्रकरणाचं मूळ एका ओळीत आहे. फेब्रुवारी १९८५ मध्ये पेंटागॉनने पुढच्या वर्षांसाठी शस्त्रखरेदीच्या मागण्यांचा जो कागद काढला त्यात टेहळणी विमानांच्या आसपास 'ऑरोरा' असं एक नाव छापलं गेलं, आणि त्याच्यासमोर १९८६ साठी सुमारे ८ कोटी डॉलर तर १९८७ साठी जवळजवळ २.२७ अब्ज डॉलर. एका वर्षात रक्कम अठ्ठावीस पट वाढते म्हणजे काहीतरी प्रत्यक्ष बनायला लागलंय, असा अर्थ तेव्हाच्या पत्रकारांनी काढला आणि तो काही चुकीचा नव्हता. पुढच्या कागदांत ही ओळ गायब झाली, त्यामुळे तर संशय आणखी बळावला.

मात्र मार्च १९९० मध्ये विमानक्षेत्रातल्या एका प्रमुख अमेरिकन साप्ताहिकाने हीच गोष्ट पुन्हा छापली तेव्हा आकडा वेगळा आला, ४५.५ कोटी डॉलर, तोही 'गुप्त विमानांचं उत्पादन' या नावाखाली. नंतरच्या लिखाणात हे दोन्ही आकडे एकमेकांत मिसळून गेलेत, आणि बहुतेक लोक मूळ कागद न बघता एकमेकांचंच उतरवून घेतात. मूळ मागणीतला आकडा पहिला धरावा हे बरं, कारण दुसरा पाच वर्षांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून आलेला आहे.

हे पैसे नेमके कशाचे? लॉकहीडच्या 'स्कंक वर्क्स' या गुप्त विमानं बनवणाऱ्या विभागाचे १९७५ ते १९९१ या काळातले प्रमुख बेन रिच यांनी १९९४ च्या आत्मकथनात याचं उत्तर दिलंय: ऑरोरा हे बी-२ बॉम्बरच्या स्पर्धेसाठी ठेवलेल्या निधीचं नाव होतं, पेंटागॉनमधल्या एका कर्नलने ते सहज ठेवलं, ते बाहेर फुटलं, बाकी काही नाही. अडचण अशी की बी-२ ची स्पर्धा ऑक्टोबर १९८१ मध्येच संपली होती, नॉर्थ्रॉप जिंकली आणि खुद्द रिच यांची लॉकहीड हरली. मग चार वर्षांनी संपलेल्या स्पर्धेसाठी दोन अब्ज डॉलर कशाला? ऑरोरा मानणारे इथे बोट ठेवतात. पण रिच यांचा 'स्पर्धा' हा शब्द सैल धरला आणि ते पैसे बी-२ च्या प्रत्यक्ष बांधणीचे मानले तर हिशोब बऱ्यापैकी जुळतो. बी-२ नोव्हेंबर १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पामडेलला लोकांसमोर आलं आणि जुलै १९८९ मध्ये उडालं, म्हणजे १९८७ च्या आसपास त्याच्यावर पाण्यासारखा पैसा जात असणार हे उघड आहे. बहुतेक जाणकारांचा कल आता याच बाजूला आहे, आणि तो रास्त वाटतो.

संशय का बसला

एक तर त्याआधीचा अनुभव. एफ-११७ हे स्टेल्थ विमान १८ जून १९८१ ला पहिल्यांदा उडालं आणि सरकारने ते कबूल केलं १० नोव्हेंबर १९८८ ला. मधल्या बऱ्याच काळात नेवाडातल्या टोनोपाहहून ते रात्रीच उडायचं, दिवसा दाखवायला साधी ए-७ विमानं. जुलै १९८६ मध्ये त्यातलं एक कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळ पडलं, पायलट गेला, हवाई दलाने जागेला वेढा घातला आणि तोंडातून शब्द काढला नाही. त्याच वर्षी खेळण्यांच्या दुकानात 'एफ-१९' नावाचं स्टेल्थ विमानाचं प्लास्टिक मॉडेल विकायला आलं, धडाधड खपलं, आणि जे आम्हाला दाखवत नाहीत ते पोरांच्या हातात कसं म्हणून काही अमेरिकन खासदार चिडले. गंमत म्हणजे मॉडेल गोलसर, गुळगुळीत होतं आणि खरं विमान सपाट तुकडे जोडल्यासारखं कोनाकोनांचं. म्हणजे विमान आहे ही अफवा खरी ठरली, आकार साफ चुकला. हे मॉडेल काढणारी कंपनीच नंतर ऑरोराच्या कल्पनेवरची मॉडेलंही विकायला लागली.

दुसरं कारण एसआर-७१ या टेहळणी विमानाची निवृत्ती. ताशी साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास वेग, २५ किलोमीटरच्या वर उंची, आणि असं विमान हवाई दलाने १९९० मध्ये खर्च परवडत नाही म्हणून बंद केलं. ६ मार्च १९९० च्या शेवटच्या फेरीत त्याने लॉस एंजेलिस ते वॉशिंग्टन अंतर ६४ मिनिटांत कापलं. दारात नवी गाडी आल्याशिवाय जुनी कोण विकतं, असा लोकांचा सरळ हिशोब. हवाई दलाचे मंत्री डोनाल्ड राइस यांनी असं काही नाही म्हणून साफ नाकारलं, पण एफ-११७ च्या वेळीही कानावर हातच ठेवले होते ना, मग विश्वास कोण ठेवणार. याच्या उलट जाणारी एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही: १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकन काँग्रेसने पैसे देऊन काही एसआर-७१ परत उडवायला लावली. जवळ ऑरोरा असतं तर ही उठाठेव कशाला केली असती.

साक्षी आणि खुणा

सगळ्यात वजनदार साक्ष ख्रिस गिब्सन यांची. ऑगस्ट १९८९ मध्ये उत्तर समुद्रातल्या 'गॅल्व्हेस्टन की' या तेलविहिरीच्या रिगवर ते इंजिनियर म्हणून कामाला होते, वर बघितलं तर एक केसी-१३५ टँकर, दोन एफ-१११ लढाऊ विमानं, आणि टँकरला लागून इंधन घेणारा एक काळा त्रिकोण, अणकुचीदार, कुठे शेपूट नाही की पंखांची वेगळी रेघ नाही. गिब्सन हे ब्रिटनच्या रॉयल ऑब्झर्व्हर कोअरमध्ये विमानं ओळखण्यात तयार झालेले, नुसती सावली बघून नाव सांगणाऱ्यांतले, आणि तरी हे त्यांना ओळखता आलं नाही. त्यांनी काढलेलं रेखाचित्र १९९२ मध्ये छापून आलं. त्यांनी काहीतरी पाहिलं याबद्दल फारसं कुणी शंका घेत नाही. पण ते ऑरोराच, हा पुढचा उडी मारलेला निष्कर्ष आहे. मॅक ५ च्या (आवाजाच्या पाच पट वेगाच्या) वर जायला द्रव मिथेन किंवा द्रव हायड्रोजनसारखं अतिथंड इंधन लागेल असं ऑरोराचे समर्थकच सांगत होते, आणि साध्या केसी-१३५ मधून असं इंधन देता येत नाही. म्हणजे एक तर इंधनाची थिअरी सोडा नाहीतर गिब्सनचा त्रिकोण सोडा.

कॅलिफोर्नियातले दणके हा दुसरा धागा. जून १९९१ पासून दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूकंपमापकांवर अधूनमधून ध्वनिस्फोटाच्या, म्हणजे आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या वस्तूच्या दणक्याच्या, नोंदी उमटायला लागल्या, बऱ्याच गुरुवारी सकाळी सातच्या सुमारास. भूकंप असेल तर जमिनीतून लाट पसरते, इथे एकेका केंद्रावर ओळीने धक्का पोचत गेला, त्या वेळांच्या फरकावरून वस्तू हवेत आहे आणि कुठे चाललीय हे काढता येतं. स्पेस शटल उतरायचं तेव्हा याच यंत्रांवर नोंद व्हायची, त्यामुळे तुलनेला नमुना तयार होता, आणि हे दणके त्याच्याशी जुळले नाहीत. एका गटाने अर्थ लावला की वर खूप उंचावरून मॅक ४-५ ने काहीतरी गेलं, दुसऱ्याने समुद्रावर सराव करणाऱ्या नौदलाच्या फायटर विमानांकडे बोट दाखवलं. हा वाद पूर्ण मिटलेला नाही.

मार्च १९९२ मध्ये टेक्ससमधल्या अमरिलोजवळ आकाशात दोरीला कड्या ओवल्यासारखी धुराची रेघ दिसली, फोटोही निघाला. यावरून पल्स डिटोनेशन इंजिनची, म्हणजे इंधन सतत न जाळता स्फोटांच्या मालिकेने ढकलणाऱ्या इंजिनची, चर्चा सुरू झाली. साध्या जेटच्या पंखांमागचे भोवरे एकमेकांत गुंतले तरी अशाच कड्या तयार होतात, हे १९७० पासून माहीत आहे. असं इंजिन लावलेलं विमान माणूस बसवून उघडपणे उडालं ते जानेवारी २००८ मध्ये मोहावीला, जेमतेम दहा सेकंद, आणि त्याचं नाव ठेवलं होतं बोरिअ‍ॅलिस. 'ऑरोरा बोरिअॅलिस' म्हणजे उत्तर ध्रुवाकडे आकाशात दिसणारा प्रकाश, त्यामुळे ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती.

स्कॉटलंडमधल्या मॅक्रिहानिश तळाची तीन किलोमीटरची धावपट्टी, तिथे रात्री उतरणारं विमान, याही गोष्टी १९९२ च्या सुमारास चालल्या, पण त्यात दम कमी आहे.

ग्रूम लेक आणि बघे

विमान कुठे ठेवलंय या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांकडे एकच, ग्रूम लेक, म्हणजेच एरिया ५१. १९९० च्या दशकात दुर्बिणी आणि रेडिओ स्कॅनर घेऊन लोक फ्रीडम रिज नावाच्या टेकडीवर बसायचे, १९९५ मध्ये सरकारने ती टेकडीच ताब्यात घेतली. आता टिकाबू शिखर उरलंय, तळापासून चाळीसेक किलोमीटर दूर, तिथून उन्हाच्या झळांमध्ये हँगरचे ठिपके थरथरताना दिसतात, बास. ऑरोरा तिथून कुणालाही दिसलं नाही. उलट टॅसिट ब्लू हे १९८२ ते ८५ दरम्यान उडालेलं चमत्कारिक दिसणारं विमान १९९६ पर्यंत, आणि बोइंगचं बर्ड ऑफ प्रे २००२ पर्यंत लोकांसमोर आलं नाही. म्हणजे जे होतं त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही आणि ज्याचा झाला ते सापडलं नाही.

भारतातला संदर्भ

ऑरोराचा भारताशी संबंध नाही. पण ऑगस्ट २०१३ मध्ये सीआयएने यू-२ या टेहळणी विमानांचा जो अंतर्गत इतिहास खुला केला, ज्यात एरिया ५१ चं नाव पहिल्यांदा उघड छापलं गेलं, त्यातच ओडिशातल्या चरबतिया तळाचीही माहिती आहे. चीन युद्धानंतर नेहरूंच्या संमतीने तिथून यू-२ उडवायचं ठरलं, पहिली मोहीम झाली २४ मे १९६४ ला, तीन दिवसांनी नेहरू गेले आणि काम थांबलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणखी तीन मोहिमा झाल्या. नंतर मुख्य काम थायलंडमधल्या ताखलीहून चालायला लागलं आणि जुलै १९६७ मध्ये अमेरिकनांनी चरबतियातला गाशा गुंडाळला.