निकाराग्वा कालव्याचे जुने कागद पाहायचे आहेत? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

फेब्रुवारी 1889 मध्ये पॅरिसच्या न्यायालयानं सुएझ कालवा उभारणाऱ्या द लेसेप्स यांची, पनामा कालवा खोदायला निघालेली कंपनी गुंडाळली. त्याच महिन्यात, 20 तारखेला, अमेरिकी काँग्रेसच्या कायद्यानं ‘मॅरिटाइम कॅनॉल कंपनी ऑफ निकाराग्वा’ जन्माला आली. अटलांटिक आणि पॅसिफिक जोडायचे, पण सान हुआन नदी आणि निकाराग्वा सरोवरातून, असा तो बेत होता. त्याच वर्षी निकाराग्वाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या ग्रेटाउन बंदरापाशी काम सुरू झालं. बंदराच्या तोंडाशी वाळू साचू नये म्हणून बांध घातला, थोडी रेल्वे टाकली, कालव्याचा एक छोटा तुकडा खोदला. 1893 च्या आर्थिक संकटात खोदाईचं काम घेतलेली बांधकाम कंपनी बुडाली आणि काम थांबलं ते थांबलंच. 1902 मध्ये काँग्रेसनं पनामाला कौल दिला.

या कंपनीचं अध्यक्षपद सांभाळणारे हायरम हिचकॉक हे न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यू हॉटेलचे एक मालक. पत्नी मेरी यांच्या स्मरणार्थ त्यांनी न्यू हॅम्पशायरमधल्या हॅनोव्हर गावी रुग्णालय बांधून दिलं. ते सुरू झालं 1893 मध्येच! आता शेजारच्या लेबनन गावी असलेल्या वैद्यकीय केंद्राच्या नावात हिचकॉक हे नाव आजही आहे. अशा माणसाच्या पत्रव्यवहारात बुडत्या कंपनीची बाजू जितकी उघडी दिसते, तितकी सरकारी अहवालात दिसत नाही. म्हणून हे कागद वाचायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. आणि ते वाचायला प्राध्यापक असावं लागत नाही.

शोध कुठे घ्यायचा

जागा दोन. हिचकॉक हॅनोव्हरच्या डार्टमथ कॉलेजचे विश्वस्त होते, त्यामुळे खासगी कागदांचा पहिला शोध त्या कॉलेजच्या राउनर विशेष संग्रह ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत त्यांच्या नावानं घ्या. सरकारी बाजू अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. पनामा कालव्याच्या सरकारी कागदांच्या संचाचा (अभिलेखगटाचा) क्रमांक 185 आहे आणि तो मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या इमारतीत पाहायला मिळतो. 1895 चं लडलो मंडळ, 1897 पासूनचा वॉकर आयोग अशा निकाराग्वा मार्गाच्या सरकारी पाहण्यांचा माग काढायची सुरुवात इथून करा.

पात्रता

राष्ट्रीय अभिलेखागारात वयाची 14 वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही संशोधक कार्ड मिळतं. नागरिकत्वाची अट नाही, पदवीची नाही, फीही नाही. राउनर ग्रंथालयही कॉलेजबाहेरच्या वाचकांना खुलं आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मार्गदर्शकाचं शिफारसपत्र मागतात, त्यामुळे कुठल्याच संस्थेशी न जोडलेले अभ्यासक आधीच माघार घेतात. इथे तशी माघार घ्यायचं कारण नाही.

कोणती कागदपत्रं लागतात

मूळ पासपोर्ट पुरेसा आहे. फोटो असलेलं दुसरं सरकारी ओळखपत्रही चालतं. संशोधक कार्डासाठी छोटा अर्ज भरून नियमांची माहिती पाहावी लागते. कार्ड एक वर्ष चालतं. ओळख पटवायला झेरॉक्सवर अवलंबून राहू नका.

भारतातून फक्त यासाठी जाणार असाल, तर कुणाकडूनही मानधन न घेता केलेलं स्वतंत्र संशोधन बी-1 (कामानिमित्तच्या छोट्या भेटीच्या) व्हिसात बसतं. डीएस-160 या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात प्रवासाचा हेतू सरळ शब्दांत लिहा आणि ग्रंथालयाशी झालेल्या ईमेलची प्रत मुलाखतीला जवळ ठेवा. फी आणि मुलाखतीच्या तारखा बदलत असतात, त्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाच्या संकेतस्थळावरच पाहा. अमेरिकेत आधीपासून विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलांना यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. बॉस्टनहून हॅनोव्हरला थेट बस आहे.

मागणी कशी नोंदवायची

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. ‘निकाराग्वा कालव्याबद्दल जे असेल ते द्या’ अशी मागणी लिहिली, तर हाती काही लागत नाही. आधी सूची वाचा, संग्रहाचं नाव, क्रमांक, पेटी आणि फोल्डर उतरवून घ्या, आणि मागणीत तेवढंच लिहा. काही पेट्या मुख्य इमारतीबाहेर ठेवलेल्या असू शकतात, त्यामुळे निघण्याच्या बऱ्याच आधी ईमेल करून वेळ ठरवून घ्या.

वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिलच लागते. बॅगा लॉकरमध्ये ठेवाव्या लागतात. एका वेळी एकच फोल्डर उघडायचा आणि पानांचा क्रम मोडायचा नाही. त्या काळच्या कंपन्या पाठवलेल्या पत्रांच्या नकला पातळ कागदाच्या वह्यांत दाबून घेत. शाई मागून पुढे उतरलेली असते, आणि खालच्या पानावरची अक्षरंही मध्ये डोकावतात. अशा पानाखाली कोरा कागद सरकवावा लागतो, पण तो कर्मचाऱ्यांना विचारूनच. फ्लॅश न वापरता फोटो काढू देतात का, हेही आधी विचारा. प्रत्येक फोटोबरोबर पेटी आणि फोल्डरचा क्रमांक टिपून ठेवला नाही, तर घरी आल्यावर त्या फोटोचा संदर्भ देता येत नाही.

जाता येत नसेल तर

काँग्रेससमोरच्या साक्षी, अभियंता मेनोकल यांचे अहवाल, लडलो मंडळाचा अहवाल असं छापील साहित्य इंटरनेट आर्काइव्ह आणि हाथीट्रस्ट या ऑनलाइन ग्रंथालयांत फुकट मिळतं. सुरुवात तिथूनच करा, मग नेमक्या फोल्डरच्या स्कॅनसाठी ग्रंथालयाला लिहा. पानं मोजकी असतील तर काम लवकर होतं. मोठ्या मागणीला शुल्क लागू शकतं, ते आधी लेखी मागून घ्या.

छापण्याच्या हक्कांची भीती इथे बाळगू नका. अमेरिकी कायद्यानुसार अप्रकाशित पत्राचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षांनी संपतो आणि हिचकॉक 1900 मध्ये वारले. कंपनीच्या नावानं तयार झालेल्या अप्रकाशित कागदांना 120 वर्षांची मुदत असते, तीही उलटून गेली आहे. तरीही लेखात संग्रहाचं नाव, पेटी, फोल्डर आणि ग्रंथालय यांचा उल्लेख पूर्ण करा. पुढच्या वाचकाला तोच कागद त्यावरून मागवता येतो.