१९६२ : हंटर उडाले असते तर

बासष्टच्या हिवाळ्यातल्या भारत-चीन लढाईवर ‘असे झाले असते तर’ची चर्चा निघाली की ती हमखास हवाईदलापाशी येते. मॅकमहोन रेषा (पूर्वेकडची भारत-तिबेट सीमा), फॉरवर्ड पॉलिसी (वादग्रस्त भागात पुढे चौक्या उभारण्याचे धोरण) वगैरे पुन्हा सांगत बसत नाही. जून १९६२ मध्ये पूर्व सीमेवरच्या थागला डोंगरकड्याच्या पायथ्याशी आपली ढोला चौकी उभी राहिली, ८ सप्टेंबरला चिनी तुकड्या तिथे उतरल्या आणि २० ऑक्टोबरला तिथल्याच नामका चू ओढ्याकाठची भारतीय ब्रिगेड काही तासांत मोडली. चारच दिवसांत आजच्या अरुणाचलातले तवांग सोडावे लागले.

या सगळ्यात आपली विमाने उडत नव्हती असे नाही. डाकोटा आणि पॅकेट ही मालवाहू विमाने रसद टाकत होती, कॅनबेरा विमाने अक्साई चिनचे फोटो काढत होती, आणि एएन-१२ या मोठ्या मालवाहू विमानांच्या पोटातून रणगाडे थेट लडाखमधल्या चुशूलला उतरले. जमिनीवर राहिली ती हंटर, मिस्टेर, तूफानी ही लढाऊ विमाने. कारण सांगितले जाते ते कलकत्त्याचे: आपण हल्ला केला तर चिनी बॉम्बर पूर्वेकडच्या शहरांवर येतील. अमेरिकी राजदूतांचाही सल्ला सबुरीचाच होता. पण चिनी बॉम्बर उडणार त्या तिबेटातल्या धावपट्ट्या इतक्या उंचावर, की पुरेसे इंधन आणि बॉम्ब घेऊन उडणेच मुश्कील. हा हिशेब दिल्लीत कोणी नीट मांडला होता की नाही, हाच खरा वाद. त्यात १९ नोव्हेंबरला त्याच सरकारने अमेरिकेकडे लढाऊ विमानांच्या १२ स्क्वॉड्रन (तुकड्या) मागितल्या! स्वतःच्या आसामातल्या तेजपूरला उभ्या असताना.

२०१२ मध्ये तत्कालीन हवाईदलप्रमुखांनी, विमाने वापरली असती तर निकाल वेगळा लागला असता, असे जाहीरपणे म्हटले. अर्धेच पटते. नामका चूच्या अरुंद, झाडीच्या दरीत जेट विमानांना शत्रू दिसलाही नसता; तिथली ब्रिगेड वाचली नसती. संधी होती ती नंतर. तवांग पडल्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत त्या आघाडीवर जवळपास तीन आठवडे शांतता होती, आणि त्या काळात चिनी सैन्य सीमेवरच्या बुमला खिंडीतून तवांगपर्यंत गाड्यांचा रस्ता बांधत होते. बराचसा उघड्या माळावर. पुढचा सगळा हल्ला याच रस्त्यावरून आलेल्या दारूगोळ्यावर चालला.

तो रस्ता महिनाभर रखडला असता तर खिंडींत बर्फ साचले असते आणि तवांगच्या दक्षिणेच्या, १३,००० फुटांहून उंच सेला खिंडीतल्या आपल्या ब्रिगेडला वेळ मिळाला असता. अर्थात १७-१८ नोव्हेंबरच्या रात्री सेला सोडण्यामागे माघारीच्या आदेशांचा घोळही होता, आणि तो घोळ हंटर निस्तरू शकत नव्हते. या पराभवाचा लष्करी चौकशी अहवाल (हेंडरसन ब्रूक्स अहवाल) १९६३ पासून कुलुपात आहे. २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला, पण चौकशीचा रोख लष्कराच्या कारवायांवर होता. विमाने न वापरण्याचा निर्णय झाला तो राजकीय पातळीवर.