डेम्लो संख्या आणि हातचा नसलेला वर्ग

१२३४५६७८९८७६५४३२१ ही १७ अंकी संख्या डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून वाचली काय, तीच राहते. भास्कराचार्यांच्या स्थाननामांनुसार तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी येतो. ‘परार्ध’ त्याच्या पुढचेच स्थान. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा ती पूर्ण वर्ग आहे. डहाणूत १९०५ साली जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले. ही कल्पना त्यांना तेव्हाच्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरील, मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरच्या ‘डेम्लो’ स्थानकात, म्हणजे आजच्या डोंबिवलीला सुचली. त्या फलाटावरून रोज मुंबईला जाणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

ही सममिती येते कुठून? शाळेतल्या रीतीने गुणाकार मांडला की १११११११११ हीच ओळ नऊ वेळा, प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकवून लिहावी लागते. त्यामुळे उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच एक येतो, दुसऱ्यात दोन, असे करत नवव्या स्तंभात नऊ एक येतात आणि तिथून संख्या पुन्हा उतरत जाते. कोणत्याही स्तंभाची बेरीज नऊच्या पुढे जात नसल्याने हातचा कुठेच घ्यावा लागत नाही. दहा वेळा एक लिहून वर्ग केला, तर मधल्या स्तंभात दहा येतात, हातचा डावीकडे सरकतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ अशी विस्कटलेली संख्या मिळते.

हातचा नसण्याचा आणखी एक परिणाम मला सममितीपेक्षाही सुंदर वाटतो. अशा गुणाकारात अंकांच्या बेरजांचाही गुणाकारच होतो, म्हणून आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ९ × ९, म्हणजे ८१ भरते. या ८१ ने त्या संख्येला नि:शेष भाग जातो, आणि जी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेने विभाज्य असते तिला कापरेकरांनीच ‘हर्षद संख्या’ हे नाव दिले होते. भागाकार १२३४५६७९ चा वर्ग येतो, ज्याच्या पायाशी असलेल्या संख्येत आठ हा अंक नाही. मूळ अवयव पाडले तर ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग मिळतात; त्यावरून एकूण विभाजक ४५ ठरतात.

१, १२१, १२३२१ पासून सुरू होणाऱ्या या नऊ वर्गांपैकी हर्षद मात्र तीनच आहेत. जितके एक लिहिले, त्या संख्येने त्या एकांच्या रांगेला भाग जायला हवा, ही त्यासाठीची अट आहे. रांग एकने संपत असल्यामुळे सम संख्या आणि ५ बाद होतात. ७ ने भाग जाण्यासाठी एकांची संख्या ६ च्या पटीत असावी लागते, म्हणून सात एकांची रांगही गळते. उरतात १, ३ आणि ९. त्यांतल्या तीन एकांच्या रांगेचा वर्ग १२३२१, म्हणजे ३७ च्या वर्गाची नऊपट.