धावत्या मोटारीतली तबकडी

जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या वेग निवडण्याच्या कळीवर ७८, ४५ आणि ३३ या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या आकड्यांशेजारी पुष्कळदा १६ हाही आकडा छापलेला दिसतो. त्या वेगाच्या तबकड्या फारशा कोणाच्या घरी नसत. या वेगाचा सर्वांत विलक्षण उपयोग झाला तो अमेरिकेतल्या हमरस्त्यांवर.

क्रायस्लर कंपनीने १९५६ च्या मोटारींत ‘हायवे हाय-फाय’ नावाचा प्लेअर डॅशबोर्डखाली बसवून देण्याची सोय केली. तो सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या पीटर गोल्डमार्क यांनी घडवला होता. १९४८ साली आलेल्या एलपी (लाँग प्ले, म्हणजे बराच वेळ वाजणाऱ्या) तबकडीच्या घडणीतही त्यांचा मोठा वाटा होता. अडचण उघड होती. सुई खाचेत जेमतेम काही ग्रॅम भाराने टेकलेली असते, आणि खड्ड्यात गाडी खाली गेली की तबकडीही तिच्यासह खाली जाते, पण सुईचा दांडा जडत्वामुळे क्षणभर वरच राहतो. भार वाढवावा, तर खाच झिजते.

गोल्डमार्क यांनी दांड्याला प्रतिभार देऊन तो तोलला. दोन्ही पारड्यांत सारखे वजन असलेला तराजू मधोमध धरून वरखाली हलवला, तरी त्याची दांडी कलत नाही. तसाच, ज्याचा गुरुत्वमध्य नेमका कीलकावर, म्हणजे ज्या बिंदूभोवती तो फिरतो तिथे, आहे असा दांडा धक्क्याने फिरत नाही, मग तो धक्का खड्ड्याचा असो वा वळणाचा. माझ्या मते या यंत्रातली खरी कल्पकता इथेच आहे.

तबकडी अवघी सात इंचांची, पण मिनिटाला १६.६७ फेरे आणि अत्यंत बारीक खाचा यांमुळे तिच्या एका बाजूवर पाऊण तासाहून अधिक ध्वनिमुद्रण मावे. याची किंमतही होती. केंद्रापासून सहा सेंटिमीटरवर अशी तबकडी सुईखालून सेकंदाला सुमारे १०.५ सेंटिमीटर सरकते, म्हणजे १०,००० हर्ट्झच्या स्वराची एक लहर तिथे जेमतेम १०.५ मायक्रोमीटर लांबीत कोरावी लागते. साहजिकच सुईही तितकीच नाजूक हवी. शिवाय या तबकड्या बाजारात इतरत्र मिळत नसत. घरातली आवडती गाणी घरीच राहत. काही वर्षांत ही सोय बंद पडली. पुढे १९६० साली आरसीए या अमेरिकी कंपनीच्या यंत्राने नेहमीच्या ४५ फेऱ्यांच्या तबकड्या स्वीकारल्या. त्यात चौदा तबकड्यांची चळत मावे, आणि सुई वाजत्या तबकडीला चक्क खालून टेके!

एका जपानी खेळण्याने तर सारा प्रश्नच उलटा केला. १९७० च्या दशकातल्या त्या चिमुकल्या फोक्सवॅगन व्हॅनच्या पोटात सुई, बॅटरी आणि स्पीकर होते. तबकडी टेबलावर स्वस्थ पडून राही आणि व्हॅनच तिच्यावर गोल गोल धावे. मात्र एलपीची बाहेरची खाच आतल्या खाचेच्या जवळजवळ अडीचपट लांब असते, त्यामुळे व्हॅनची चाके एकाच वेगाने फिरत राहिली, तर ती आत सरकेल तसा गायकाचा स्वर चढत जाणार, आणि शेवटचे गाणे पहिल्यापेक्षा सप्तकाहूनही वर जाऊन पोचणार.