कार्ल्सबर्ग पर्वतरांग : अरबी समुद्राचा तळ कसा वाचला गेला

१५ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी एक करार केला. त्यानुसार कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरील १०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळावर पुढील १५ वर्षे बहुधात्विक सल्फाइडांचा, म्हणजे अनेक धातू असलेल्या गंधकयुक्त खनिजांचा, शोध घेण्याचा हक्क भारताला मिळाला. तांबे, जस्त, सोने आणि चांदी यांची चर्चा अशा वेळी होणारच. परंतु ही रांग केवळ खनिजांची जागा नव्हे. समुद्राचा तळ पसरत असतो, ही विसाव्या शतकातील भूविज्ञानाची सर्वांत मोठी कल्पना ज्या मोजमापांच्या आधारे मांडली गेली, त्यांतील निर्णायक मोजमापे याच रांगेवर, म्हणजे आपल्याच अरबी समुद्रात घेतलेली होती. ही गोष्ट महाराष्ट्रात आणि गोव्यात फारशी सांगितली जात नाही, याची खंत वाटते.

ही रांग अरबी समुद्राच्या दक्षिण भागातून वायव्येकडून आग्नेयेकडे जाते आणि विषुववृत्ताच्या पलीकडे मध्य हिंदी महासागरी रांगेला मिळते. तिच्या ईशान्येला भारतीय भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा) आहे आणि नैर्ऋत्येला आफ्रिकेकडील सोमाली भूपट्ट. हे दोन्ही भूपट्ट वर्षाला साधारण दोन ते तीन सेंटिमीटर एकमेकांपासून दूर सरकतात, आणि मधल्या फटीतून वर येणारा शिलारस थिजून नवा तळ तयार होत राहतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचले. त्याच सुमाराच्या उलथापालथीत सेशेल्सचा भूखंड भारतापासून तुटला, आणि तेव्हा उघडलेल्या फटीचा वारसा या रांगेकडे आला. सह्याद्रीचा काळा कातळ आणि समुद्राच्या तळाची ही रांग यांचे नाते असे जुने आहे.

रांगेचा शोध मात्र टप्प्याटप्प्याने लागला. १८७२ ते १८७६ या काळात जगप्रदक्षिणा केलेल्या ब्रिटिश ‘चॅलेंजर’ जहाजावर खोली मोजायची ती शिशाचे किंवा लोखंडाचे वजन बांधलेला तागाचा दोर सोडून. दर काही वावांवर खूण केलेला तो दोर तळाला टेकेपर्यंत जहाज एका जागी रोखून धरावे लागे, आणि वाफेच्या यंत्राने तो वर ओढून घेईपर्यंत काही तास जात. इतक्या कष्टाने हाती येई तो एका बिंदूचा आकडा आणि नळीत अडकलेला चिमूटभर गाळ. हा गाळ ज्यांनी आयुष्यभर अभ्यासला ते जॉन मरे पुढे ख्रिसमस बेटावरील फॉस्फेटच्या व्यवसायात श्रीमंत झाले आणि त्यांनी आपल्या मृत्युपत्रात समुद्रसंशोधनासाठी पैसा ठेवला. तो पैसा अरबी समुद्राच्या कामी आला, पण मरे यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ वीस वर्षांनी.

तोवर प्रतिध्वनीवरून खोली काढण्याचे तंत्र आले होते. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो, त्यामुळे तीन हजार मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी चार सेकंदांत परत येतो आणि जहाज चालते असतानाच खोली कळते. १९२८ ते १९३० या काळात फिरलेल्या डॅनिश ‘डाना’ जहाजाला याच तंत्राने अरबी समुद्राच्या मध्यभागी एक उंचवटा आढळला. मोहिमेचे प्रमुख योहानेस श्मिट यांनी त्याला तिचा खर्च उचलणाऱ्या कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाचे नाव दिले. डेन्मार्कच्या एका बिअर उत्पादकाने विज्ञानासाठी उभारलेल्या संस्थेचे नाव अरबी समुद्रातील डोंगरांना मिळाले, ते असे.

१९३३-३४ ची जॉन मरे मोहीम या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा टप्पा आहे. इजिप्त सरकारचे ‘मबाहिस’ हे लहानसे जहाज, त्यावर इजिप्शियन आणि ब्रिटिश अधिकारी व शास्त्रज्ञ, आणि नेतृत्व सेमूर सेवेल यांचे. सेवेल यांची कारकीर्द भारतात घडलेली होती: ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजावर ते शल्यवैद्य आणि निसर्गअभ्यासक होते, आणि पुढे कलकत्त्याच्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. व्यवसायाने वैद्य आणि अभ्यासाने प्राणिशास्त्रज्ञ असलेल्या या माणसाने प्रतिध्वनीचे आकडे एकापुढे एक मांडले, तेव्हा कार्ल्सबर्ग रांग एकसंध घुमटासारखी नसून तिच्या माथ्याजवळून लांबलचक घळ गेली आहे, असे दिसले. १९३७ मध्ये खडकतज्ज्ञ वाइजमन आणि सेवेल यांनी अरबी समुद्राच्या तळावर लेख प्रसिद्ध केला आणि त्यात या घळीची तुलना पूर्व आफ्रिकेतील खचदरीशी केली. रांगेवरून खरवडून आणलेले दगड बेसाल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचे निघाले. जमीन ताणली जाऊन फाटते तेथे खचदरी तयार होते. म्हणजे समुद्राचा तळ फाटतो आहे हे म्हणण्यापासून हे दोघे एका पावलावर होते. ते पाऊल त्यांनी टाकले नाही याचा दोष त्यांना देणे अन्यायाचे होईल, कारण खंड सरकतात हा विचार त्या काळी बहुतेक भूवैज्ञानिकांनी बाजूला सारलेला होता.

अशीच खचदरी १९५२ मध्ये अटलांटिक महासागरात मारी थार्प यांना दिसली. अमेरिकेतील लॅमाँट वेधशाळेत त्या जहाजांवरून आलेल्या खोलीच्या नोंदी कागदावर उतरवत. स्त्रियांना तेव्हा संशोधनाच्या जहाजावर घेत नसत. त्यांचे सहकारी ब्रूस हीझन यांनी सुरुवातीला हे म्हणणे बायकी बडबड म्हणून उडवून लावले, पण भूकंपांची केंद्रे त्याच नकाशावर मांडल्यावर ती नेमकी दरीत पडू लागली आणि त्यांना मत बदलावे लागले. १९६४ मध्ये या दोघांनी हिंदी महासागराच्या तळाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कार्ल्सबर्ग रांग जगभर पसरलेल्या सागरी पर्वतमालेचा एक दुवा म्हणून प्रथमच नीट दिसली.

निर्णायक मोजमाप १९६२ चे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम चालू होती, अनेक देशांची जहाजे या समुद्रात होती, भारताचे ‘किस्त्ना’ हे नौदलाचे जहाजही त्यांत होते. ब्रिटिश नौदलाच्या ‘ओवेन’ जहाजावर केंब्रिजचे ड्रमंड मॅथ्यूज होते. गोव्यापासून नैर्ऋत्येला सुमारे पावणेदोन हजार किलोमीटरवर, रांगेच्या माथ्याचा एक लहान तुकडा निवडून त्यांनी त्यावर शेतात नांगराचे तास घालावेत तशा जहाजाच्या फेऱ्या घेतल्या. जहाजाचे लोखंड मापनात ढवळाढवळ करते, म्हणून चुंबकत्वमापक लांब केबलला बांधून मागून ओढत न्यायचा, आणि दिवसरात्र खोली व चुंबकीय क्षेत्र यांच्या नोंदी शेजारी शेजारी घेत राहायचे, असे ते काम होते.

या नोंदी केंब्रिजमध्ये फ्रेड व्हाइन या संशोधक विद्यार्थ्याच्या हाती आल्या. तेथील एडसॅक-२ या संगणकावर त्याने हिशेब केला, तेव्हा त्या तुकड्यातील दोन ज्वालामुखीय डोंगरांपैकी एक आजच्या चुंबकीय दिशेला अनुसरून चुंबकित झालेला आणि दुसरा नेमका उलट, असे निघाले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा अधूनमधून उलटते हे जमिनीवरील लाव्हाच्या थरांवरून ठाऊक होत होते. अमेरिकी भूवैज्ञानिक हॅरी हेस यांनी समुद्रतळ रांगेपाशी जन्मतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो अशी कल्पना मांडलेली होती. व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी या दोन गोष्टी जोडल्या: तळ पसरत असेल आणि थिजताना त्या त्या काळची चुंबकीय दिशा टिपत असेल, तर रांगेच्या दोन्ही अंगांना सुलट्या-उलट्या चुंबकत्वाचे पट्टे मिळायला हवेत. ७ सप्टेंबर १९६३ च्या ‘नेचर’मध्ये हा लेख आला. कॅनडाचे लॉरेन्स मॉर्ली यांनी हाच विचार स्वतंत्रपणे लिहून पाठवला होता, पण त्यांचा लेख नाकारला गेला होता. लेख प्रसिद्ध झाल्यावरही फार थोड्यांना तो पटला. १९६६ मध्ये ‘एल्टॅनिन’ जहाजाने दक्षिण पॅसिफिकमध्ये टिपलेली पट्ट्यांची नोंद रांगेच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी जुळली, तेव्हा शंका संपली. ‘ओवेन’ जहाजाचे नाव आज कार्ल्सबर्ग रांगेच्या वायव्य टोकाच्या विभंगाला, म्हणजे तळातील लांब भेगेला आहे.

हिंदी महासागर मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली. तिचे मुख्यालय पुढे गोव्यात दोना पावला येथे आले. २६ जानेवारी १९८१ रोजी तिच्या ‘गवेषणी’ जहाजाने अरबी समुद्रातून धातूंचे गोटे वर काढले आणि भारतीय सागरी भूविज्ञानाचे लक्ष बराच काळ अशा गोट्यांकडे, आणि त्यासाठी मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्याकडे राहिले. कार्ल्सबर्ग रांगेचे बहुकिरणी (एका वेळी तळाच्या रुंद पट्ट्याची खोली मोजणाऱ्या) प्रतिध्वनी यंत्राने तपशीलवार सर्वेक्षण त्यामानाने उशिरा झाले. २००३ मध्ये ‘चार्ल्स डार्विन’ या ब्रिटिश जहाजाला रांगेवरच्या पाण्यात उष्ण झऱ्यांतून उसळलेला असाधारण मोठा लोट आढळला, आणि तेथे सल्फाइड तयार होत असणार हे उघड झाले. भेगांतून आत मुरलेले समुद्राचे पाणी खाली तापते, खडकातले धातू विरघळवते, तीनशे अंशांहून अधिक तापमानाने बाहेर पडते आणि थंड पाण्याला भेटताच धातूंचे सल्फाइड खाली टाकते.

वाहते झरे त्यांच्या उष्ण, गढूळ पाण्यावरून सापडतात. परंतु त्यांच्याभोवती तेथेच जगणारे जीव असतात, आणि खनिज म्हणून खरे लक्ष जाते ते केव्हाच निवालेल्या जुन्या ढिगांकडे. अशा ढिगांतून पाणी येत नाही, वरून गाळाचा थर बसलेला असतो, आणि तीन हजार मीटर पाण्याखाली ते आसपासच्या डोंगरांहून वेगळे दिसत नाहीत. मात्र उष्ण पाण्याने बेसाल्टमधली चुंबकीय खनिजे कुजवून टाकलेली असतात, त्यामुळे तेथील चुंबकत्व आसपासच्या खडकापेक्षा दुबळे पडते. म्हणून अशा शोधमोहिमांत स्वयंचलित पाणबुडी तळालगत फिरवतात, आणि तिच्यावर इतर उपकरणांबरोबर चुंबकत्वमापकही असतो.